ओवाळणीतली रॅम

भाऊबीजेच्या ताटात भावाने काय टाकावं याचा काही नियम नाही. कुणी साडी टाकतो, कुणी पाकीट. माझ्या एका मैत्रिणीच्या भावाने ताटात नुसती कुकरची शिट्टी टाकली होती, कारण अख्खा कुकर ताटात मावत नव्हता. माझ्या भावाने माझ्या ताटात कॉम्प्युटरची रॅम टाकली. चंदेरी पिशवीत गुंडाळलेली, वीतभरही नसलेली हिरवी पट्टी. ती आजही माझ्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या पुडीखाली पडलेली आहे, आणि तिच्या एका कोपऱ्यावर कुंकवाचा फिकट डाग आहे.

ओवाळणी उलटसुलट करून बघायची नसते, असं आईने लहानपणापासून शिकवलं होतं. ती शिकवण मी मोडली असती तर माझं बरंच काही वाचलं असतं. आईवरचा तो राग अजून पुरता गेलेला नाही.

दादा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. आमचे बाबा नांदेडला शाळेत शिक्षक होते. दादा लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायचा आणि संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या एका भाड्याच्या खोलीत शिकवण्या घ्यायचा. किल्लारीकडे भूकंप झाला तेव्हा लातूर शहर त्या गावांसारखं भुईसपाट झालं नाही, पण भीती घरोघर येऊन बसली. कित्येक महिने माणसं स्लॅबखाली बसायला तयार नसत. दादाच्या खोलीच्या भिंतीला एक तडा गेला आणि आठवड्याभरात सगळी मुलं गळाली. मग त्याने एका मोकळ्या प्लॉटवर पत्र्याची शेड ठोकली. पालक प्रवेशाला आले की निकाल विचारायच्या आधी मान वर करून छप्पर बघायचे, आणि पत्रे दिसले की निवांत खुर्चीत बसायचे. दादाने तर जाहिरातीच्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं की वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये भरतात. उन्हाळ्यात त्या शेडमध्ये जीव उकडून निघायचा, तरी दाराजवळच्या बाकासाठी मुलं तासभर आधी येऊन दप्तर टाकून ठेवायची.

मग बारावीच्या निकालांत लातूरची मुलं चमकू लागली आणि गावोगावची पोरं ट्रंका घेऊन लातूरच्या बसस्टँडवर उतरायला लागली. शेडच्या दोन शेडी झाल्या, दोनाच्या चार झाल्या.

मी तेव्हा नांदेडला एम.एस्सी. करत होते, विषय दादाचाच. एका उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली. वर्ग बंद ठेवणं परवडणारं नव्हतं म्हणून त्याने मला बोलावून घेतलं. आठ दिवस मी त्या पत्र्याखाली उभी राहून शिकवलं. पहिल्या दिवशी हात इतका घामेजला की खडू ओला होऊन तुटला. तिसऱ्या दिवशी मुलं तास संपल्यावरही उठेनात. माझ्या आयुष्यात तोवर मला कुठल्याच गोष्टीत इतकी मजा आली नव्हती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगीन. दादा बरा होऊन वर्गावर गेला तेव्हा मुलांनी त्याला विचारलं, मॅडम परत कधी येणार. हे त्यानेच मला सांगितलं, उसाचा रस पीत, खाटेवर बसून. आणि पुढे म्हणाला,

"आपल्या नोट्स लई जुन्या झाल्या. तू त्या नव्यानं लिही. नोट्स पुऱ्या झाल्या की तू लातूरला ये. बोर्डावर दोघांची नावं लावू."

त्या एका वाक्यावर मी तीन वर्षं काढली. माझ्यासोबतच्या मुली नोकऱ्यांचे अर्ज भरत होत्या, स्थळं बघत होत्या. मला कुणी विचारलं की मी सांगायची, माझं लातूरला ठरलंय.

दादाने वर्गासाठी एकसारखे दोन कॉम्प्युटर घेतले होते. त्यातला एक त्याने ऑफिसात ठेवला आणि दुसरा नांदेडला माझ्याकडे पाठवला. आईने पुढच्या खोलीत त्याच्यासाठी टेबल रिकामं केलं आणि टीव्हीसाठी विणलेलं क्रोशाचं झाकण त्याच्यावर घातलं. काम असं चालायचं: दादा दर पंधरवड्याला मुलांचे तपासलेले पेपर एस.टी.च्या पार्सलने पाठवायचा, मी स्टँडवरून ते गठ्ठे आणायची आणि बरोबर आलेली उत्तरं बाजूला सारून फक्त चुकलेली वाचायची. शंभरातली साठ मुलं एकाच जागी घसरतात हे त्या गठ्ठ्यांनी मला शिकवलं. मग मी प्रत्येक प्रकरणात एक चौकट टाकायला लागले. तिचं नाव ठेवलं 'इथे चुकते'. मूल कुठे चुकतं, का चुकतं, आणि चुकायच्या आधी त्याने स्वतःला कोणता प्रश्न विचारायचा, एवढंच त्यात असायचं. नोट्सचे सुटे भाग वर्गात वाटले जायचे. मुलं म्हणे आधी ती चौकट वाचायची आणि मग प्रकरण. दादाने फोनवर हे सांगितलं त्या दिवशी मी आईला बळंच धरून गोल फिरवलं होतं.

लिहिणं सोपं होतं, मशीन जड होत चाललं होतं. चौसष्ट एमबी रॅम. नुसता मजकूर असे तोवर भागायचं, पण आकृत्या स्कॅन करून घालायला लागल्यावर ते हाशहुश करायला लागलं. एक पान खाली सरकवायचं म्हटलं तर मी मधल्या वेळात शेंगा सोलायची. भिंगाच्या प्रकरणात तर ते दिवसातून चार वेळा गोठायचं आणि शेवटचं सेव्ह केल्यानंतरचं सगळं वाहून जायचं. मी दादाला म्हटलं, नवीन मशीन दे, नाहीतर ऑफिसातलं दे, परीक्षेच्या आधी नोट्सचं पुस्तक हातावेगळं करते. तो म्हणाला, दिवाळीला बघू.

दिवाळीला तो आणि वहिनी आले. भाऊबीजेला मी पाट मांडला, रांगोळी काढली, त्याला ओवाळलं. त्याने खिशातून ती चंदेरी पिशवी काढून ताटात टाकली आणि सगळ्यांकडे बघून म्हणाला, घे, आता मशीनची मेमरी डबल. मला हसावं की रडावं कळेना इतका आनंद झाला. आमच्याकडे घरात आलेली कुठलीही नवी वस्तू कुंकवाशिवाय वापरात जात नाही. मिक्सर असो, स्कूटर असो, गॅसची शेगडी असो. दसऱ्याला मी कॉम्प्युटरलाही गंध लावून झेंडूचं फूल वाहायची. त्यामुळे मी विचारसुद्धा केला नाही. पट्टी पिशवीतून काढली, तिच्या कोपऱ्याला अनामिकेने कुंकू लावलं आणि वर दोन अक्षता टाकल्या. दादा पाटावर बसून हे सगळं बघत होता. फक्त हसला. ते हसू मला तेव्हा मायेचं वाटलं होतं.

त्यानेच कॅबिनेट उघडलं, पट्टी खाचेत बसवली, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर आकडे धावले आणि १३१०७२ वर थांबले. आधी ते बरोबर अर्ध्यावर थांबायचे. बाबांनी टाळ्या वाजवल्या. दुपारच्या बसने दादा-वहिनी लातूरला गेले.

दुसऱ्या दिवशी मी कामाला बसले तर मशीन आधीपेक्षा मंद. मला वाटलं, नवीन आहे, रुळेल. चार दिवस गेले तरी तेच. विंडोज उघडायलाच इतका वेळ लागायचा की मी बटण दाबून दळण टाकून यायची. आकडे मात्र रोज इमानदारीने १३१०७२ वर जाऊन थांबायचे. म्हणजे पट्टी चांगली होती, पुरती मोजली जात होती, आणि तरी काम पुढे सरकत नव्हतं. मग चुकलं कुणाचं? पट्टीवर मी काय केलं होतं ते मला आठवलं.

मी पट्टी काढली. सोनेरी दातांवर खोडरबर फिरवलं. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून कोपरा पुसला. कुंकू बऱ्यापैकी निघालं, डाग राहिला. खाचेत फुंकर मारली, मऊ ब्रश फिरवला. पुन्हा लावली, पुन्हा तेच. मी एम.एस्सी. फिजिक्स. एवढंसं कुंकू एका कोपऱ्याला लागल्याने मशीन मंद होईल का, हा प्रश्न मी एखाद्या विद्यार्थ्याला पाच मिनिटांत सोडवून दिला असता. पण भावाने ओवाळणीत दिलेली वस्तू मुळात निकामी असेल ही शक्यताच माझ्या डोक्यात शिरली नाही. मी ती पट्टी काढून ठेवून जुन्यावर काम चालवून बघायलाही हवं होतं. तेही केलं नाही. ओवाळणी बाजूला काढून ठेवायची म्हणजे भावाचा हात झिडकारल्यासारखं वाटायचं.

शेवटी एस.टी.डी. बूथवरून दादाला फोन लावला आणि खाली मान घालून सांगितलं. तो म्हणाला, "कुंकू लावलंस ना त्याला? मला तवाच वाटलं होतं. जाऊ दे, आता काय करणार." आवाजात राग अजिबात नव्हता. तो रागावला असता तर मी भांडले असते, आणि भांडता भांडता काहीतरी सुचलं असतं. त्याने मला माफ केलं आणि मी गप्प झाले.

पुढे दीड महिना मी तशीच झगडले. परीक्षा जवळ येत होत्या. नातेवाइकांत कुंकवाची गोष्ट पसरली होती. कुणाकडे हळदीकुंकवाला गेलं की बायका हसून म्हणायच्या, कॉम्प्युटरला लावलं का गं. मीही हसायची. जानेवारीत दादा आला, बैठकीत बाबांसमोर बसला आणि अगदी समजुतीने म्हणाला की तुला लई वेळ लागून राहिला, तुझा तरी काय दोष, लातूरला माणसं आहेत, उरलेलं ते बसवतील. मी काय बोलणार होते? माझ्या हाताने माती झाली होती. मीच म्हटलं, घेऊन जा दादा. त्याने हार्ड डिस्क काढून पिशवीत टाकली. मी एक कागदही दिला, त्यावर अकरा दुरुस्त्या लिहिल्या होत्या. एवढ्या तेवढ्या करायच्या राहिल्यात, म्हटलं. त्याने कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. डिस्क महिन्याभराने पार्सलने परत आली, कोरी. व्हायरस होता म्हणून पुसावी लागली, असा निरोप होता. त्यावरही मी विश्वास ठेवला.

जूनमध्ये दादाच्या क्लासच्या नव्या इमारतीची वास्तुशांत होती. तीन मजले, सगळे स्लॅबचे. आता कुणीही मान वर करून बघत नव्हतं. मी मात्र रिक्षातून उतरतानाच मान वर केली, बोर्डासाठी. बोर्डावर दोन नावं होती. अगदी निमिषभर, खाली दुसरी ओळ आहे एवढंच दिसलं तेव्हा, मला ते माझंच नाव वाटलं. दुसरं नाव वहिनींच्या भावाचं होतं. तो पुण्याहून नुकताच शिकून आला होता. खालच्या हॉलमध्ये टेबलावर पुस्तकांची चळत होती, कोरी, चकचकीत. मी एक उचललं. प्रत्येक प्रकरणात 'इथे चुकते' ही चौकट होती, माझ्याच शब्दांत, स्वल्पविरामासकट. पहिल्या पानावर लेखक म्हणून दादाचं नाव होतं. दुसऱ्या पानावर वहिनींचे, त्यांच्या भावाचे आणि छापखान्याचे आभार होते.

मला बसायला जागा हवी होती म्हणून मी बाजूच्या खोलीत शिरले. ती कॉम्प्युटरची खोली होती आणि तिथे एक माणूस खाली बसून वायरी जोडत होता. उदगीरचा होता, दादाच्या क्लासची सगळी मशिनं तोच बघायचा. मी नांदेडची बहीण आहे म्हटल्यावर त्याने हात थांबवला आणि हसला. कुंकवाची गोष्ट त्याच्यापर्यंतही पोचली होती.

मी त्याला विचारलं, खरंच कुंकवाने एवढं होतं का.

"ताई, कुंकवानं काय हुतंय? दसऱ्याला तर समद्या मशिनी लाल हुत्यात. चालूनच राहिल्या की." मग त्याने विचारलं, "पट्टी टाकल्यावर मोजणी पुरी दाखवायचं, आन् काम मंद व्हायचं, असंच ना?"

मी हो म्हटलं. मग त्याने मला समजावून सांगितलं, आणि आता मी ते माझ्या भाषेत सांगते. ओट्याजवळ एक फळी असते, हात लांबवला की डबा हाताशी येणारी. कॉम्प्युटरच्या आत सगळे भाग जोडणारा जो बोर्ड असतो, त्या जुन्या बोर्डाच्या फळीचा हिशोब चौसष्ट डब्यांपुरताच होता. त्याहून जास्त डबे आणले तर बोर्ड नाही म्हणत नाही, सगळे मोजून घेतो, पण वरचे डबे माळ्यावर टाकतो आणि दर वेळी शिडी लावून चढतो. त्यात विंडोजची खोड अशी की ते आधी माळ्यावरचेच डबे वापरायला काढतं. म्हणून मेमरी दुप्पट झाली की मशीन निम्मं होऊन बसतं. त्या बोर्डाची ती मर्यादाच होती. त्यात कुणाचा हात, कुणाचं कुंकू, काही नव्हतं.

हे ऐकून मला आधी नुसतं हलकं वाटलं. म्हटलं, बिचाऱ्या दादाला तरी हे कुठून माहीत असणार. मी तसं बोलूनही दाखवलं. तो माणूस वायरी तशाच हातात धरून माझ्याकडे बघत राहिला.

"सरांना माहीत हाय की. ती पट्टी आदी हितल्या मशिनीत घातली हुती, तुमच्या मशिनीचाच जोड हुता तो. हितंबी असंच झालतं. म्याच काढून दिली सरांच्या हातात, दिवाळीच्या आदी. आन् सांगितलं बी, ह्या बोर्डाला चौसष्टच्या वर न्हाई चालत."

मी उठले. दादा जिन्यात पाहुण्यांना वर पाठवत होता, खांद्यावर उपरणं, कपाळावर गंध. मी त्याला बाजूला घेतलं आणि एवढंच विचारलं, की तुला माहीत होतं का. तो नाही म्हणाला असता तर मी कदाचित त्याच्यावर विश्वास ठेवला असता, इतकी मी तेव्हाही वेडी होते. त्याने आधी जिन्यात वर-खाली पाहिलं.

"तुला तोंडावर नाही म्हणायला जमलं नाही मला," तो म्हणाला. "इकडं तुझ्या वहिनीच्या भावाला भागीदार घ्यायचं ठरलं होतं. आणि काम तू आपणहून सोडलंस. मी काढून घेतलं का? बाबांना विचार."

त्याचं म्हणणं अगदी खरं होतं. काम मीच त्याच्या हवाली केलं होतं, वर क्षमाही मागितली होती. केसाने गळा कापणं म्हणतात ते माझ्या भावाने माझ्याच हातून करून घेतलं. जेवणाची पंगत बसायच्या आत मी नांदेडची बस धरली.

घरी येऊन पट्टी काढली. मशीन पहिल्यासारखं, म्हणजे बऱ्यापैकी चालायला लागलं. आत मात्र काही नव्हतं. मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, भाऊ आहे तुझा, घरातलं घरात राहू दे. दादाचं जितकं लागलं तितकंच बाबांचं हे वाक्य मला लागलं, आणि ते मी त्यांना त्यांच्या हयातीत कधी सांगितलं नाही. पुढल्या वर्षी मला मुदखेडला कनिष्ठ महाविद्यालयात नोकरी लागली. तिथल्या फळ्यासमोर मी उभी राहिले, अजूनही राहते. भाऊबीज मोडली नाही. दादा येतो, मी ओवाळते, तो साडी टाकतो. साडी मी त्याच्या समोर पूर्ण उलगडून, दोन्ही काठ बघून मगच घडी घालते. सुरुवातीला वहिनींनी नाक मुरडलं, आता त्यांनाही सवय झाली आहे.

चार वर्षांपूर्वी दिवाळीला दादाची धाकटी मुलगी आली होती. बारावीला होती, बापाच्याच क्लासमध्ये. दुपारी पुढच्या खोलीत पुस्तक घेऊन बसली. तेच पुस्तक, कितवी तरी आवृत्ती, मुखपृष्ठ नवं. म्हणाली, आत्या, हे बघ ना, बाबांनी ही चौकट किती छान लिहिलीय, पण माझं उत्तरच जुळत नाही. मी पान न बघता विचारलं, लिफ्टची ना? ती म्हणाली हो.

लिफ्ट वर जाता जाता थांबायला लागली की आतल्या माणसाला वजन कमी भासतं. मुलं 'वर' हा शब्द वाचतात आणि डोळे मिटून अधिकचं चिन्ह टाकतात. चौकट त्याच चुकीबद्दल होती, आणि चौकटीच्या शेवटच्या ओळीत वजाच्या जागी अधिक होतं. ते टाइप करून सेव्ह केलं आणि दुरुस्त करायच्या आत मशीन गोठलं होतं. माझ्या अकरा दुरुस्त्यांच्या कागदावर ती पहिल्या क्रमांकाला होती. इतक्या वर्षांत, इतक्या आवृत्त्यांत, ज्याचं नाव पुस्तकावर आहे त्याने ती ओळ एकदाही स्वतः सोडवून पाहिली नव्हती.

मी पेन्सिल घेऊन त्या अधिकची उभी रेघ खोडली, वजा राहिलं. तिने परत गणित केलं. उत्तर जुळलं. मग ती माझ्याकडे बघायला लागली.

"तुला न सोडवताच कसं कळलं, आत्या? बाबांच्या पुस्तकातली चूक?"

घरातलं घरात राहू दे, असं सांगणारे बाबा तोवर गेले होते. आतल्या खोलीत दादा झोपला होता, दार उघडं होतं. मी आवाज कमी केला नाही.

"कारण ती चूक माझी आहे," मी म्हटलं.